न घासलेलं तोंड

या, असे जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकण्यातली ही गोष्ट नाही. सबंध गोष्ट घडली ती एका माणसाच्या तोंडाच्या आत, डावीकडे, वरच्या सुळ्याच्या आसपास. युद्ध नाही, वनवास नाही, राक्षस तर नाहीच नाही. तरी सांगतो, उठाल तेव्हा आख्यान रंगल्यासारखं वाटेल. आपल्या पंचवटीतल्या निवृत्तीबुवा बोरस्त्यांची ही गोष्ट, ब्याऐंशी सालची. बुवा ते देवळात, कीर्तन करायचे म्हणून. एरवी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात स्टोअरमधले कारकून, तिथं त्यांना सगळे नुसतंच बोरस्ते म्हणत.

माघातली सकाळ होती. कारखान्याची बस आग्रा रोडला लागली की बुवांची उजळणी सुरू व्हायची. खिडकीकडे तोंड करून, शेजारच्याची झोप मोडणार नाही अशा बेतानं ते नाम म्हणत. त्या दिवशी खिडकीची काच अर्ध्यावर अडकली होती. बुवांनी 'रा' म्हणायला तोंड उघडलं, श्वास आत ओढला, आणि द्राक्षबागांवरून आलेला गार वारा थेट सुळ्यावर जाऊन बसला. कळ अशी गेली की डोळ्यांपुढं पांढरं झालं. दातातून नाकाच्या मुळाशी, तिथून डोळ्यामागं, आणि तिथं ती थरथरत राहिली. ओठ आपोआप मिटले. मिटल्यावर आत ऊब आली, कळ ओसरली, आणि मिटलेल्या ओठांतून 'म' निघून गेला. त्यांनी पुन्हा 'रा' म्हटलं. पुन्हा तेच. इतकी वर्षं नाम घेतलं, पण 'रा' आणि 'म' यांच्यामध्ये श्वासाची एक उघडी जागा आहे आणि तिथून वारा आत येतो, हे त्यांना कधी जाणवलं नव्हतं. शेजारचा जागा होऊन म्हणाला, "काय बोरस्ते, उचकी लागली का?" बुवा हसले आणि तोंडावर मफलर घेऊन बसले. नाम आपल्याला चावलं, असा काहीतरी वेडा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि तो दिवसभर स्टोअरच्या खोक्यांमधून त्यांच्या मागे मागे फिरत राहिला.

तोंडात कुठंतरी मळ राहिला असणार, असं त्यांनी ठरवलं. दुसरं काही सुचलंच नाही. मळ असल्याशिवाय का देवाचं नाव असं अडतं? म्हणून दुसऱ्या दिवसापासून बुवांनी काय करावं? दात आणखी जोरात घासायला घेतले. आधीच त्यांचं घासणं म्हणजे एक व्रत होतं. पहाटे आंघोळीआधी, संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर, आणि कीर्तनाला उभं राहायच्या आधी, अशी गोवरीची राखुंडी मीठ घालून बोटावर घ्यायची, आणि तर्जनी पांढरी पडेपर्यंत आडवी फिरवायची. त्यावर पुन्हा कडक केसांचा ब्रश. थुंकीत रक्त दिसलं की बरं वाटायचं, मळ निघाला असं वाटायचं. मोरीशी उकिडवं बसून ते घासू लागले की त्यांच्या कानात आईचा, धोंडाबाईचा आवाज यायचा. सिन्नरजवळचं गाव, चुलीच्या तोंडाशी बसलेली आई, आणि एका हातानं त्यांची हनुवटी धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यांचे दात घासणारी आई. "घास. अजून घास. रामाचं नाव घ्यायचं हाय त्या तोंडानं." तिचं बोट खरखरीत होतं, त्याला राखेची आणि जळक्या भाकरीची चव होती. बुवा आता मोठ्या वयाचे झाले होते, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण घासताना बोट त्यांचं नसायचं. ते तिचंच असायचं.

कळ काही गेली नाही. वाढली. पाणी प्यायलं तरी, पेरू चावला तरी, नुसतं सीताराम म्हणून कुणाला हात जोडले तरी. आणि कीर्तनात तर बिचाऱ्यांची अवस्था बघवत नव्हती. पूर्वरंगात नामाचा गजर सुरू झाला की ते नाकानं श्वास घ्यायचे, त्यानं नाम तुटायचं, मग पेटीवाला गोटीराम दोन सूर लांबवून ती फट बुजवायचा. लोकांना वाटलं, बुवा थकले. बुवांनाही वाटलं, लोकांना तसं वाटतंय ते एका परीनं बरंच. पण रामनवमी जवळ येत होती. त्यांच्या गल्लीतल्या छोट्या राममंदिरात नवमीचं जन्माचं कीर्तन इतकी वर्षं त्यांचे गुरू करत आले होते. त्या वर्षी गुरूंनी अंथरुणावरून निरोप पाठवला होता, "यंदा जन्म निवृत्ती करील." भर दुपारी, सूर्य माथ्यावर आला की जन्माच्या क्षणी कीर्तनकारानं एका लांब श्वासात नाम उचलायचं असतं, मग पाळणा हलतो आणि गुलाल उडतो. तो श्वास तोंडानंच घ्यावा लागतो. नाकानं घेतलेल्या श्वासावर देव जन्माला घालता येत नाही, हे गाणाऱ्याला सांगावं लागत नाही. बुवांना रात्रंदिवस तो एक श्वास दिसत होता. तो आत येताना कळीनं ओठ मिटले तर? हजार माणसं वर बघत असतील आणि नाम अर्ध्यात मिटेल.

"काढून टाका सगळे," गोटीराम म्हणाला. पेटीचा भाता पुसता पुसता म्हणाला. "मेन रोडला कवळी मस्त करून देतात. फक्त एक होईल बुवा, राम नाही म्हणता यायचं, लाम म्हणावं लागेल. पण देव दयाळू आहे, चालवून घेईल."

"गप रे."

"खरंच सांगतो. आमच्या चुलत्याची कवळी श्राद्धाच्या जेवणात खिरीत पडली. सगळे पितर हसले असतील."

बुवा हसले नाहीत. सरुबाईंनी, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी, त्या संध्याकाळी दिव्याखाली त्यांच्याकडे बघत म्हटलं, "अहो, तुमचे दात लांब झालेत का? घोड्यासारखे दिसायला लागलेत." मग स्वतःच जीभ चावली. बुवा आरशापाशी गेले. ओठ वर उचलून बघितलं तर डावीकडच्या दातांची गुलाबी कड वर सरकलेली, आणि तिथं दात पिवळट, निमुळता, आत खाच पडलेला. एखाद्या झाडाची मुळं पुरात माती वाहून गेल्यावर उघडी पडतात तसं ते दिसत होतं. बघता बघता त्यांना लाज वाटली, अंगावरचं धोतर सुटावं तशी. त्यांनी ओठ खाली घेतला. आणि इतकं बघूनही, सांगायला नको, दुसऱ्या पहाटे त्यांनी ती पिवळी जागा घासून पांढरी करायचा प्रयत्न केलाच.

शालिमार चौकात एका इमारतीचा जिना चढून गेलं की डॉक्टर विमल गांगुर्डे यांचा दवाखाना होता. मुंबईला शिकून आलेल्या. सरुबाईंनी कुणाकुणाला विचारून ठरवलं आणि बुवांना तिथं अक्षरशः ओढत नेलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली चाफ्याचं फूल, खिडकीत एक मनीप्लँट, आणि फडक्यानं खुर्ची पुसणाऱ्या नवसाबाई. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं सरळ. त्यांनी तोंडात आरसा घालून बराच वेळ बघितलं, मग म्हणाल्या, "गाता का तुम्ही?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या घरच्यांनी सांगितलं बाहेर. आता गा. तोंड बंद करू नका, गा. मला वारा कुठं लागतो ते बघायचंय."

असं खुर्चीत आडवं पडून, डोक्यावर दिवा, तोंडात आरसा, बुवांनी 'रा' म्हटलं. कळ आली. बाईंनी आरशाचं टोक नेमकं तिथं नेलं. "इथं. आणि इथं. सगळं डावीकडे. तुम्ही उजव्या हातानं घासता आणि जोरात घासता. दाखवा बरं कसं." बुवांनी हवेत बोट फिरवून दाखवलं. "असं नाही. हा ब्रश घ्या. हा माझा हात. हीच हिरडी समजा. रोज घासता तसं घासा."

बुवा अवघडले. परक्या बाईचा हात. "अहो, असं कसं..."

"मी डॉक्टर आहे. घासा."

त्यांनी मनगटाजवळ घासायला सुरुवात केली. प्रथम हळू, मग सवय आपोआप हातात आली आणि आई हनुवटी धरून बसली. अजून घास. अजून. त्यांनी खाली पाहिलं तेव्हा बाईंच्या सावळ्या कातडीवर लालभडक चट्टा उठला होता आणि त्यात एके ठिकाणी रक्ताचा बारीक ठिपका आला होता. बाई हललेल्या नव्हत्या, चष्म्याआडून नुसत्या बघत होत्या. बुवांच्या हातातून ब्रश गळून पडला. घरच्या देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण त्यांना दिसला. पिढ्यान् पिढ्या चिंच लावून घासून घासून ज्याचं नाक गेलं, डोळे गेले, आता ज्याला नुसतं एक गुळगुळीत चकचकीत तोंड उरलंय असा बाळकृष्ण. किती लखलखीत दिसतो, असं आले-गेले म्हणायचे. तो कुणाकडे बघतोय हे मात्र कधीचं कळेनासं झालं होतं.

"दातावर कडक कवच असतं," बाई हात धुता धुता म्हणाल्या. "मुळावर ते नसतं. मुळाचं पांघरूण म्हणजे हिरडी. तुम्ही ते पांघरूण रोज थोडं थोडं मागं लोटलंत, आणि आता उघड्यावर वारा, पाणी, सगळं लागतंय. सगळ्यांचं घासण्यानंच होतं असं नाही. कुणाची हिरडी जन्मतःच पातळ असते, कुणाच्या दाताशी किटण साचून ती सुटते, कुणी मिश्री लावतं. तुमचं तोंड स्वच्छ आहे, बुवा. नको इतकं स्वच्छ आहे. कुणी शिकवलं हे?"

तेवढ्यात त्यांनी पुन्हा आरसा तोंडात घातला होता, त्यामुळे बुवांना उत्तर देता आलं नाही. आणि उघड्या तोंडानं, न बोलता, छताकडे बघत पडलेल्या त्या माणसाच्या मनात इतकी वर्षं बंद असलेलं एक दार उघडलं. गावचं देऊळ, भजनाला बसलेल्या बायका, आणि आई सगळ्यांत पुढे, मोठ्यानं नाम म्हणणारी. तिचे दात मिश्रीनं काळे. कुणी एक महाराज आले होते, ते मध्येच थांबून म्हणाले, "बाई, त्या काळ्या तोंडानं रामाचं नाव नका घेऊ, मागं जाऊन बसा." बायका खुदकन हसल्या. आई उठली, मागं गेली, खांबाआड बसली, आणि त्या दिवसापासून तिनं मिश्री सोडली, आणि नामही मोठ्यानं म्हणणं सोडलं. घरी आल्यावर मात्र तिनं निवृत्तीची हनुवटी धरली. तेव्हापासूनचं ते बोट. खुर्चीतल्या बुवांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. बाईंनी आरसा काढला. "दुखलं?"

बुवांनी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमचे आजोबा तीस साली काळारामाच्या दाराबाहेर बसले होते. उन्हात. आत जाऊ द्या म्हणून. स्वच्छ कोण आणि अस्वच्छ कोण, हे दुसऱ्यांनी सांगायचं आणि आम्ही ऐकायचं, असं आमच्या घरात फार झालं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "आता तोंड स्वच्छ आहे की नाही, हे मी सांगेन. त्यासाठीच शिकलेय."

आधी किटण काढलं, मऊ ब्रश दिला, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे कसा हळू फिरवायचा ते त्यांचं बोट धरून शिकवलं. दातांचं शिवशिवणं कमी व्हावं म्हणून एक खास पेस्ट दिली. कळ थोडी उतरली, पण सुळ्यापाशी खाच खोल होती. "एकदा मागं गेलेली हिरडी आपणहून पुढं येत नाही," बाई म्हणाल्या. "टाळूवरचा नखाएवढा तुकडा काढून तिथं शिवते. पुरतं झाकेल असं वचन देत नाही. पण वारा लागायचा थांबेल, अशी माझी खात्री आहे." टाळूचा तुकडा! गाणाऱ्याच्या टाळूचा! बुवांना घाम फुटला. पण ज्या बाईनं आपल्या हातावर रक्त येईपर्यंत हू की चू केलं नाही, तिच्या पुढ्यात तोंड उघडायची त्यांना भीती वाटेना. फाल्गुनात ते काम झालं. टाके अगदी बारीक घातले, सरुबाई सांगतात, पैठणीच्या पदराच्या विणीसारखे. जखम झाकायला वर गुलाबी लुकण लावलं. रंगपंचमीला सगळं गाव रहाडीत, रंगाच्या हौदात, उड्या मारत होतं तेव्हा बुवा खिडकीत बसून गार दूधभात उजवीकडच्या दातांनी गिळत होते. लुकण निघालं, टाळू भरून आली. "नवमीला गा खुशाल," बाई म्हणाल्या. "फक्त त्या जागेला अजून ब्रश लावायचा नाही. बोट नाही, राखुंडी नाही. मिठाच्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, बस. आता घासलंत तर धरलेलं सुटेल, मग मी काही करू शकणार नाही."

बुवा हो म्हणाले. घरी आले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय कबूल केलंय. नवमीला. जन्माच्या कीर्तनाला. न घासलेल्या तोंडानं.

तो आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. जेवताना, बसमध्ये, स्टोअरमध्ये नट-बोल्टांच्या खोक्यांवर हात ठेवून ते जीभ त्या जागेवरून फिरवत. तिथं काहीतरी बुळबुळीत, नवं, आपलं नसलेलं होतं. वास येत असेल का? पहिल्या रांगेतल्यांना येईल का? रामाला येईल का? 'तुमचं तोंड स्वच्छ आहे,' बाई म्हणाल्या होत्या. पण आई तर वेगळंच सांगून गेली होती, आणि आई कधी खोटं बोलली नव्हती. मग बाई खोट्या? तो हात तर खोटा नव्हता. आईचं बोट आणि बाईंचं मनगट असं एकमेकांवर घासत राहायचं, आणि बुवा त्यांच्यामध्ये.

नवमीच्या सकाळी ते मोरीशी बसले. फळीवर राखुंडीचा डबा होता. बुवांनी तो खाली घेतला, झाकण उघडलं. चिमूट बोटावर घेतली. सरुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आतल्या खोलीत ट्रान्झिस्टरवर भक्तिगीतं लागली होती. बुवांचं बोट तोंडापर्यंत गेलं आणि तिथं थांबलं. त्यांना आईचं बोट आठवत होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना आईचा चेहराही आठवला. खांबाआडचा. ओठ घट्ट मिटलेले. इतकं घासून, इतकी मिश्री सोडून, ती पुढं काही मोठ्यानं म्हणालीच नाही. मग हे घासणं कुणासाठी चाललं होतं? रामासाठी नव्हतं. त्या महाराजांसाठी होतं. आपण जन्मभर त्या एका माणसाला तोंड उघडून दाखवत आलो, की बघा, आता काळं नाही. बुवांनी बोट पाण्याखाली धरलं. राख वाहून गेली. कोमट पाण्यात मीठ टाकून त्यांनी चूळ भरली, आणि सरुबाईंना म्हणाले, "माझा शेला आण."

मांडव गल्लीभर पसरला होता. मी पुढं बसलो होतो, म्हणून सांगतो. पूर्वरंगात बुवांचा आवाज जरा दबलेला वाटला, पाय एका जागी ठरत नव्हते. गोटीरामानं पेटीवरून एकदा भुवई उडवली. उत्तररंगात कौसल्येचं वर्णन आलं आणि हळूहळू माणूस मोकळा व्हायला लागला, हात फिरू लागले, बायका डोळे पुसू लागल्या. सूर्य माथ्यावर आला. घंटेची दोरी धरून पुजारी उभे. बुवा थांबले. सगळा मांडव थांबला. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, अगदी उघडं, आडवं-उभं, आणि श्वास आत घेतला. तो लांबच लांब श्वास, चैत्रातल्या उन्हाचा, धुळीचा. तो सुळ्यावरून गेला. थोडं शिवशिवलं, बाईंनी तसं सांगितलंच होतं. ओठ मिटले नाहीत. आणि मग 'राम' असं जे निघालं ते मी आजवर कितीतरी बुवांना ऐकून पुन्हा ऐकलेलं नाही. घंटा वाजली, पाळणा हलला, गुलालानं सगळं लाल झालं.

जन्मानंतर जयजयकार असतो. बुवा एकेक नाव उचलायचे आणि लोक 'जय' म्हणायचे. रामाचं झालं, सीतेचं, मारुतीरायाचं. संतांचं झालं. अंथरुणावरच्या गुरूंचं झालं. तिथं जयजयकार संपतो, सगळ्यांना ठाऊक आहे, लोक सुंठवड्यासाठी हात पुढं करायला लागले होते. बुवांनी चिपळ्या पुन्हा वर उचलल्या. "आणखी एक," ते म्हणाले. "माझं तोंड आज घासलेलं नाही. घासू नको असं सांगितलंय. ज्यांनी सांगितलं, ज्यांच्यामुळे ते उघडलं, त्या आमच्या डॉक्टर विमलबाई गांगुर्डे की..."

मांडव गप्प. कुणाला कळेना, हे काय नाव. पुजारी विश्वस्तांकडे बघतायत, विश्वस्त पागोट्याखालून वर बघतायत. बुवांनी वर केलेला हात खाली घेतला नाही. मग पेटीवरून एकटा गोटीराम, घोगऱ्या आवाजात, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "जय!" आणि त्याच्यामागून मागच्या बाजूला बसलेल्या बायका. आणि मग सगळेच. बाई तिथं नव्हत्या. त्यांचं नाव मात्र रामाच्या पुढ्यात तीनदा गेलं, कारण गोटीराम काही एकदा म्हणून थांबणारा माणूस नव्हता.

बुवा अजून आहेत, सुळाही आहे. बाई मात्र पुढं मालेगावकडे गेल्या, तिकडे विणकर वस्तीत दवाखाना काढला, एवढंच कळलं. तर तुम्ही इतकं जवळ येऊन ऐकलंत, एवढं करा. उद्या सकाळी ब्रश हातात घ्याल, आणि हात सवयीनं जोर करायला लागेल, तेव्हा क्षणभर थांबा आणि ज्या बाईनं आपलं मनगट पुढं केलं, त्या विमल गांगुर्ड्यांची आठवण काढा.